आपला रेडिओ, आपले आरोग्य

३० मे २०२४ रोजी आमच्या रामदासपेठेचे नाव देशभर झाले. येथे उत्तर अंबाझरी मार्गालगत कृषी विद्यापीठाच्या मोकळ्या शेतात हवामान खात्याचे एक स्वयंचलित यंत्र आहे. त्या यंत्राने तापमान दाखविले ५६ अंश सेल्सिअस! सोनेगावच्या यंत्राने ५४ अंश दाखविले. हे आकडे बघता बघता घरोघरच्या मोबाईलवर जाऊन पोचले. यंत्राच्या संवेदकात बिघाड झाल्यामुळे हे आकडे चुकीचे आले, असा खुलासा लगेच पुढे खात्याने केला. त्याच दिवशी खापरी आणि रामटेक येथील यंत्रांवर ४४ अंशांच्या आसपासची नोंद होती. नागपूरचा आजवरचा ज्ञात उच्चांक ४७.९ अंशांचा, तो २३ मे २०१३ रोजीचा.

ऊन लागून माणूस दगावायला ५६ अंश लागत नाहीत, ४४ अंश पुष्कळ झाले. पण त्या दोन दिवसांत चर्चा झाली ती आकड्याची. दुपारी बारा ते चार या वेळात बांधकामावरच्या मजुरांनी काय करावे, घरातल्या वृद्धांना कसे सांभाळावे, अंग तापून माणूस बरळू लागला तर पहिल्या दहा मिनिटांत काय करावे, हे विचारणारे फार थोडे भेटले. माहितीचा पूर आला आणि उपयोगाची गोष्ट त्यात वाहून गेली. आरोग्याच्या बाबतीत असे वारंवार घडते. खोटी गोष्ट धावत जाते आणि खरी गोष्ट सरकारी भाषेत, उशिरा, अनोळखी माणसाच्या तोंडून येते.

यावर एक जुने आणि साधे साधन आहे. ते म्हणजे गावाचा स्वतःचा रेडिओ. आजच्या लेखात त्याविषयी लिहिणार आहे. आरोग्याच्या सदरात रेडिओ कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु औषध जितके महत्त्वाचे तितकेच ते वेळेवर घ्यायला सांगणारा विश्वासाचा माणूसही महत्त्वाचा, हा आम्हा जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांचा रोजचा अनुभव आहे.

सामुदायिक रेडिओ म्हणजे काय?

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. त्याचा आवाज दूरवर जातो आणि कार्यक्रम साऱ्या विदर्भाला डोळ्यांसमोर ठेवून होतात. खाजगी एफ.एम. केंद्रे शहरासाठी आणि जाहिरातींवर चालतात. सामुदायिक रेडिओ हा तिसरा प्रकार. त्याचे प्रक्षेपण यंत्र लहान असते आणि आवाज साधारणपणे दहा-पंधरा किलोमीटरच्या परिसरात ऐकू येतो. नफा मिळविणे हा त्याचा हेतू नसतो. राजकीय पक्षांना किंवा एकट्या व्यक्तीला त्याचा परवाना मिळत नाही. तो शिक्षणसंस्था, कृषी विज्ञान केंद्रे आणि लोकसेवेचे काम केलेल्या नोंदणीकृत संस्था यांना मिळतो. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार झाले पाहिजेत, असे धोरणच आहे.

या धोरणामागे एक न्यायनिवाडा आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये स्पष्ट केले. निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींमध्ये आपले न्या. पी. बी. सावंत होते. त्यानंतर २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना असे केंद्र चालविण्याची मुभा मिळाली. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र फेब्रुवारी २००४ मध्ये सुरू झाले. ते देशातले पहिले. २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही दार उघडले आणि २००८ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील मेदक जिल्ह्यात 'संगम रेडिओ' सुरू झाला. तो खेड्यातल्या दलित स्त्रिया चालवितात.

महाराष्ट्राचा जुना धडा

लोकांनी रेडिओ नुसता ऐकण्यापेक्षा त्यात भाग घेतला तर काय होते, हे आपल्या राज्यात फार पूर्वी तपासून पाहिले गेले आहे. १९५६ साली 'युनेस्को'च्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली १५० खेडी निवडली. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचे श्रोतृमंडळ स्थापन केले. आठवड्यातून दोनदा, असे दहा आठवडे अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि ऐकलेल्या गोष्टीवर आपसात चर्चा करायची. चर्चेतून निघालेले प्रश्न केंद्राकडे पाठवायचे आणि केंद्राने पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे द्यायची.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. तुलनेसाठी रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे आणि रेडिओच नाही अशीही गावे घेतली होती. जेथे मंडळ होते तेथे लोकांच्या माहितीत मोठी भर पडली. जेथे नुसता रेडिओ होता तेथे त्या मानाने फारच थोडी पडली. शिवाय काही मंडळांनी बोलण्यावर न थांबता विहिरी खणून घेतल्या, बालवाड्या सुरू केल्या. १९५९ मध्ये ही योजना देशभर नेली गेली, परंतु पुढे ती मंडळे हळूहळू थंडावली.

डॉक्टर म्हणून मला या प्रयोगाचा अर्थ असा वाटतो. कानावर पडलेली गोष्ट आणि आपल्या माणसांत बसून चर्चिलेली गोष्ट यांत मोठा फरक आहे. 'पाणी उकळून प्या' हे वाक्य हजार वेळा कानावर पडते. परंतु सरपण किती लागेल, उकळलेले पाणी गार कशात करायचे, शेतावर नेताना काय करायचे, हे चार बायकांनी एकत्र बसून ठरविले की दुसऱ्या दिवशी खरोखरच चुलीवर पाणी चढते.

म्हसवड आणि नाशिक

आजच्या काळातली दोन उदाहरणे देतो. सातारा जिल्ह्यातला माण तालुका हा कायमचा दुष्काळी. तेथे म्हसवडला श्रीमती चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये ग्रामीण स्त्रियांची सहकारी बँक उभी राहिली. त्याच परिवारातून २००८ मध्ये 'माणदेशी तरंग' हे रेडिओ केंद्र सुरू झाले. माणदेशी बोलीत, तिथल्याच माणसांच्या तोंडून शेती, पाणी, आरोग्य, बचत आणि गाणी ऐकवायची, अशी त्याची रीत आहे. बँकेची खातेदार, रेडिओची श्रोती आणि रेडिओवर बोलणारी, या तिन्ही एकमेकींच्या ओळखीच्या. मग रेडिओवरचे बोलणे परके वाटण्याचे कारणच उरत नाही.

दुसरे उदाहरण नाशिकच्या 'रेडिओ विश्वास'चे. जून २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद होत्या आणि पुष्कळ घरांत स्मार्टफोन नव्हता. या केंद्राने 'शिक्षण सर्वांसाठी' हा उपक्रम सुरू केला. तिसरी ते दहावीचे पाठ शिक्षकांकडून ध्वनिमुद्रित करून घेतले आणि ते प्रसारित केले. इगतपुरी तालुक्यात मुलांसाठी ४५१ रेडिओ संच पोचविण्यात आले. या उपक्रमाला पुढे सामुदायिक रेडिओचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच वेळी केंद्र स्वतःच्या पायांवर उभे ठेवल्याबद्दलचा पहिला पुरस्कारही मिळाला. माझ्या मते हा दुसरा पुरस्कार अधिक मोलाचा. केंद्र सुरू करणे त्या मानाने सोपे, ते दहा-बारा वर्षे चालविणे अवघड.

याशिवाय बारामतीचे 'वसुंधरा वाहिनी', सांगली जिल्ह्यातील जालिहाळचे 'येरळावाणी', पुणे विद्यापीठाचे 'विद्यावाणी' ही नावे वाचकांच्या कानावर असतील. देशात अशी सुमारे पाचशे केंद्रे आहेत. एवढ्या मोठ्या देशाच्या मानाने ही संख्या थोडीच म्हणायची.

याने आजार खरेच कमी होतात का?

हा प्रश्न विचारलाच पाहिजे, नाहीतर आमचे बोलणे नुसता प्रचार ठरेल. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या गरीब देशात २०१२ ते २०१५ या काळात याची शास्त्रीय चाचणी झाली. चौदा भाग निवडले. प्रत्येक भागात एक स्थानिक रेडिओ होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांतले सात भाग निवडून तेथे बालकांच्या आजारांविषयीचे छोटे संदेश स्थानिक भाषेत दिवसातून अनेकदा ऐकविले. उरलेल्या सात भागांत ऐकविले नाहीत. पहिल्या वर्षात, जेथे संदेश ऐकविले तेथे मुलांना दवाखान्यात आणण्याचे प्रमाण दुसऱ्या भागांच्या तुलनेत हिवतापासाठी ५६ टक्के, न्यूमोनियासाठी ३९ टक्के आणि हगवणीसाठी ७३ टक्के वाढले.

बालमृत्यू मात्र दोन्ही प्रकारच्या भागांत कमी होत गेले. त्यामुळे प्रत्यक्ष मोजणीत रेडिओमुळे किती जीव वाचले हा फरक स्पष्ट दाखविता आला नाही. यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. रेडिओ आईला मूल उचलून दवाखान्याची वाट धरायला लावू शकतो. पण दवाखान्यात डॉक्टर आणि औषध असणे हे काम रेडिओचे नव्हे. प्राथमिक आरोग्य केंद्राला कुलूप असेल तर रेडिओवर कितीही गोड बोलले तरी उपयोग नाही. उलट असे कुलूप दिसले तर ते रेडिओवरून सांगता आले पाहिजे.

बोलीचे महत्त्व

रामदासपेठ हा नागपुरातला दवाखान्यांचा भाग. काटोल, नरखेड, उमरेड, भिवापूर, इतकेच काय, यवतमाळ, भंडारा आणि सीमेपलीकडून छिंदवाड्याहूनही रुग्ण येथे येतात. हातात जाड फाईल असते आणि आजार बहुधा पुढे गेलेला असतो. 'आधी का आला नाहीत?' असे विचारले तर पैशांची अडचण हे एक उत्तर असते, आणि 'एवढं मोठं असंल असं वाटलंच नाही' हे दुसरे. पहिल्या उत्तरावर माझ्याजवळ सोपा उपाय नाही. दुसऱ्यावर आहे.

आमच्या पुस्तकात 'श्वसनाचा वेग वाढणे' असे लिहिलेले असते. आई म्हणते, 'पोराच्या पोटात खड्डा पडतो' किंवा 'त्याची फासळी उडते'. रेडिओवर तिचीच भाषा आली, तर न्यूमोनिया तिला त्याच दिवशी कळेल. डेंग्यूमध्ये लोक 'पेशी कमी झाल्या' एवढेच धरून बसतात. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस अधिक धोक्याचे असतात, त्या वेळी पोटात जोरात दुखणे, सतत उलट्या, हातपाय गार पडणे याकडे लक्ष ठेवायचे, हे कोणी सांगत नाही. ते आपल्याच गावच्या आशाताईने रेडिओवर सांगितले तर पटते. रस्त्यात गाठून तिला पुन्हा विचारताही येते.

वेळेचेही तसेच आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. डब्यावर सूचना असतात, पण त्या बारीक अक्षरांत. फवारणीच्या हंगामात रोज पहाटे, मजूर पंप पाठीवर घेण्याआधी, ओळखीच्या आवाजाने पाच वाक्ये सांगितली तर? पीक डोक्याएवढे उंच असेल तर फवारणी टाळा. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका. दोन-तीन औषधे मनाने एकत्र करू नका. अंगावर सांडले तर कपडे काढून साबणाने धुवा. डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, घाम, लाळ सुटणे असे झाले तर डबा बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठा. या पाच वाक्यांना खर्च काहीच नाही. ती योग्य दिवशी, योग्य तासाला, योग्य तोंडातून यावी लागतात. मुंबई-दिल्लीहून ते जमणार नाही.

लोकांना बरोबर घेण्याचे महत्त्व महाराष्ट्राच्या आरोग्यक्षेत्राला नवे नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावच्याच स्त्रियांना आरोग्याचे काम शिकविले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने आदिवासींना विचारून दवाखाना बांधला आणि त्याला त्यांच्या देवीचे, माँ दंतेश्वरीचे नाव दिले. जे आपले वाटते तेथे माणूस वेळेवर येतो. रेडिओलाही हाच नियम लागू आहे.

पैसा कोठून येणार?

येथेच खरी अडचण आहे. यंत्रसामग्रीला एकदा अनुदान मिळू शकते. वीजबिल, दुरुस्ती आणि दोन-चार तरुणांचे मानधन मात्र दर महिन्याला लागते. पूर्वी अशा केंद्रांना तासाला पाच मिनिटे जाहिराती घेण्याची परवानगी होती. ती वाढत जाऊन फेब्रुवारी २०२४ मध्ये तासाला बारा मिनिटे झाली. सरकारी जाहिरातीचा दर त्या वेळी दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये करण्यात आला. तेवढ्यावर केंद्र चालणे कठीण. म्हणजे स्थानिक व्यापारी, सहकारी संस्था, ग्रामपंचायत आणि श्रोते यांनी हात लावल्याशिवाय गत्यंतर नाही.

हाताशी पैसा नसला की एक धोका दार ठोठावतो. 'मधुमेह मुळापासून बरा', 'लकव्यावर सात दिवसांत गुण', अशा जाहिराती देणारे पैसे घेऊन तयारच असतात. अशा जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. मधुमेह, कर्करोग, लकवा, अपस्मार हे आजार त्या कायद्याच्या यादीत आहेत. ज्या आवाजावर गावाचा विश्वास बसला, त्याच आवाजाने इन्सुलिन बंद करायला लावणारी जाहिरात ऐकविली तर त्याचा अपाय भिंतीवरच्या जाहिरातीहून कितीतरी अधिक. म्हणून ज्या गावाला खरा रेडिओ हवा, त्या गावाने त्याच्या खर्चाची काळजी घेतली पाहिजे. आपण दिले नाही तर दुसरा कोणी देईल, आणि मग तो सांगेल तेच ऐकावे लागेल.

आपण काय करू शकतो?

आपल्या परिसरात असे केंद्र असेल, तर पुढील गोष्टी कोणालाही जमण्याजोग्या आहेत.

१) ऐका आणि प्रश्न पाठवा. श्रोत्यांचे प्रश्न आले नाहीत तर कार्यक्रम करणाऱ्याला आपण भिंतीशी बोलतो आहोत असे वाटू लागते.

२) दहा-पंधरा जणांचे श्रोतृमंडळ करा. महिला बचत गट, भजनी मंडळ, वाचनालय यांच्या बैठका होतच असतात. त्यातच अर्धा तास ऐकणे आणि अर्धा तास चर्चा ठेवता येईल.

३) आवाज द्या. आशाताई, अंगणवाडीताई, अनुभवी सुईण, क्षयरोगाचे औषध पूर्ण घेऊन बरा झालेला रुग्ण यांनी बोलावे. 'दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासा' हे बऱ्या झालेल्या माणसाने सांगितले की ऐकणाऱ्याची भीड चेपते. मात्र कोणाचा आजार त्याच्या संमतीशिवाय बाहेर सांगू नये. गाव लहान असते, नाव न घेताही माणूस ओळखला जातो.

४) माझ्या व्यवसायबंधूंना विनंती. महिन्यातून एक तास द्या. औषधांची नावे आणि डोस सांगण्यापेक्षा धोक्याची लक्षणे सांगा. कार्यक्रमाची संहिता आधी तपासून द्या. स्वतःच्या दवाखान्याची जाहिरात त्यात आणू नका.

५) वार्षिक वर्गणी द्या. वर्षाला शंभर-दोनशे रुपये देणारी पाचशे घरे मिळाली तरी केंद्राच्या वीजबिलाची चिंता पुष्कळ हलकी होईल. हिशेब मात्र दरवर्षी श्रोत्यांसमोर वाचला जावा.

६) जाहिराती कोणाच्या घ्यायच्या हे ठरविण्यासाठी पाच जणांची स्थानिक समिती असावी. तीत एक शिक्षक, एक डॉक्टर आणि निदान दोन स्त्रिया असाव्यात.

आपल्याकडे केंद्र नसेल, तर जवळचे महाविद्यालय, कृषी विज्ञान केंद्र किंवा जुनी सेवाभावी संस्था यांच्याकडे हा विषय काढावा. परवाना केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून मिळतो. तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. श्रोतृमंडळाला परवाना लागत नाही. आकाशवाणीचा आरोग्यविषयक कार्यक्रम एकत्र ऐकून त्यावर चर्चा आजही सुरू करता येईल.

आणि उन्हाळ्यापुरते एवढे लक्षात ठेवा. अंग भट्टीसारखे तापले, माणूस बरळू लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि वेळ न घालविता रुग्णालयात न्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागविता येते. हा मजकूर वाचून झाल्यावर ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नाही, अशा निदान दोघांना तो मोठ्याने वाचून दाखवावा, ही विनंती.